ओढ्याला आलेला ताप

पौषातल्या पहाटे आडाचे पाणी अंगावर घेतले तर ते कोमट लागते आणि वैशाखातल्या दुपारी तेच पाणी गार लागते. हा अनुभव आपल्या घरांतल्या जुन्या माणसांना चांगला ठाऊक आहे. खरे पाहता आडातल्या पाण्यात फारसा फरक पडलेला नसतो. फरक पडतो तो बाहेरच्या हवेत. जमिनीखाली आठ-दहा मीटरवर उन्हाळा-हिवाळ्याची वार्ता जवळजवळ पोहोचतच नाही. त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास तिथली माती, खडक आणि त्यात मुरलेले पाणी बारमाही स्थिर असते. हेच पाणी पाझरून ओढ्याला मिळाले की उन्हाळ्यात ओढा थंड राहतो आणि हिवाळ्यात गोठत नाही.

ही गोष्ट साधी आहे. पण तिच्यापायी गेल्या साठ-पासष्ट वर्षांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जंगलतोडीचे नियम बदलले, मासेमार विहिरींचा प्रश्न घेऊन न्यायालयात गेले, आणि 'माझ्या जमिनीखालचे पाणी ते माझे' या जुन्या समजुतीला तडा गेला. राजे आणि लढाया यांच्या इतिहासात अशा प्रकरणांना जागा नसते. परंतु जमीन, पाणी आणि कायदा यांचे नाते कसे बदलत गेले, हाही इतिहासच आहे. शिवाय या इतिहासाचा एक धागा थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

माशाचे प्राण पाण्याच्या तापमानात

या सगळ्याच्या मुळाशी आहे सामन मासा. सामनचा जन्म डोंगरातल्या गोड्या पाण्याच्या ओढ्यात होतो. तो पुढे समुद्रात जातो, तिथे वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परततो. पॅसिफिक किनाऱ्यावरचे सामन अंडी घातल्यावर मरतात. त्यांतल्या 'कोहो' नावाच्या जातीची पिल्ले समुद्राकडे निघण्यापूर्वी वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ ओढ्यातच राहतात, म्हणजे एक संपूर्ण उन्हाळा त्यांना त्या पाण्यात काढावा लागतो. ओढा तापला तर त्यांना जायला दुसरी जागा नसते.

मासा थंड रक्ताचा. पाणी तापले की त्याचे शरीर तापते, श्वासाची गरज वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी होतो. दहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. वीस अंशांना तो नऊच्या आसपास येतो आणि तीस अंशांना साडेसातपर्यंत उतरतो. गरज वाढावी आणि पुरवठा घटावा, अशी ही दुहेरी कोंडी. त्यात उबदार पाण्यात कल्ल्यांचे रोगही फोफावतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००३ साली वायव्येकडच्या राज्यांना मार्गदर्शन केले, त्यात अंडी घालण्याच्या जागी १३ अंश, पिल्लांच्या मुख्य वाढीच्या जागी १६ अंश आणि सामनच्या प्रवासमार्गावर २० अंश अशा मर्यादा सुचवल्या. आपल्याकडे वीस अंशांचे पाणी गार म्हणू. सामनच्या दृष्टीने ती लक्ष्मणरेषा आहे.

तीन ओढ्यांचा प्रयोग

ऑरेगन राज्यात पॅसिफिक किनाऱ्यापासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर, किनारी डोंगररांगेत, तीन लहान ओढे आहेत : फ्लिन क्रीक, डिअर क्रीक आणि नीडल ब्रँच. (कोकण-गोव्याच्या वाचकांना 'क्रीक' म्हटले की खाडी आठवेल, अमेरिकेत मात्र आतल्या प्रदेशातल्या ओढ्यालाही क्रीकच म्हणतात.) पहिल्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे २०० हेक्टर, दुसऱ्याचे सुमारे ३०० आणि तिसऱ्याचे अवघे ७० हेक्टर. तिन्हींवर डग्लस फर आणि आल्डर यांचे दाट रान होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरबांधणीची लाट आली आणि लाकडाची मागणी फार वाढली. डोंगर उतारांवरची झाडे ओढ्याच्या काठापर्यंत सरसकट तोडून उरलेला पाला-फांद्यांचा कचरा जाळून टाकायचा, ही तेव्हाची रूढ पद्धत होती. तोडीचा ओढ्यावर आणि माशांवर नेमका काय परिणाम होतो, याविषयी लाकूडवाले एक सांगत आणि मासेमार दुसरे सांगत. मोजमाप कोणाकडेच नव्हते.

म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीस आल्सी पाणलोट अभ्यास या नावाने एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. त्याचे सर्वात मोठे वैशिष्ट्य असे की आधी सुमारे सात वर्षे कोणीही कुऱ्हाड उचलली नाही. तिन्ही ओढ्यांचे पाणी, गाळ, तापमान आणि मासे यांच्या फक्त नोंदी घेतल्या गेल्या. 'पूर्वी कसे होते' हे पक्के ठरल्याशिवाय 'आता काय बिघडले' हे सांगता येत नाही, हे त्या मंडळींनी ओळखले होते. मग १९६६ मध्ये तोड झाली. फ्लिन क्रीक जसाच्या तसा ठेवला. डिअर क्रीकच्या पाणलोटात सुमारे चौथा हिस्सा तुकड्यातुकड्यांनी तोडला, पण ओढ्याच्या दोन्ही काठांना झाडाझुडपांची पट्टी राखली. नीडल ब्रँचवर मात्र रूढ पद्धतीने ऐंशी टक्क्यांहून अधिक क्षेत्र काठापर्यंत साफ केले आणि कचरा जाळला.

ऑरेगन राज्य विद्यापीठाच्या जॉर्ज ब्राउन आणि जेम्स क्रिगियर यांनी १९७० साली तापमानाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नीडल ब्रँचचे वर्षातले सर्वाधिक तापमान तोडीपूर्वी ५७ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १४ अंश सेल्सिअस होते. तोडीनंतर वर्षभराने ते ८५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे २९ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले. डिअर क्रीकवर, जिथे काठची झाडपट्टी राखली होती, तिथे तोडीमुळे झाला असे म्हणता येईल असा फरक आढळला नाही. नीडल ब्रँचमधले ट्राउट मासे फार घटले आणि अभ्यास संपेपर्यंत, १९७३ पर्यंत, त्यांची संख्या पूर्ववत झाली नाही. त्यात तापमानाबरोबर ओढ्यात पडलेल्या कचऱ्याचा आणि गाळाचाही वाटा होता.

१९७१ मध्ये ऑरेगनने वनव्यवहारांचा कायदा केला. अमेरिकेतला अशा स्वरूपाचा हा पहिला सर्वंकष कायदा मानला जातो. ओढ्याकाठची झाडे राखण्याचा नियम त्या कायद्याने आणला आणि त्यामागे या तीन ओढ्यांच्या नोंदींचे बळ होते. पुढे नीडल ब्रँचवर पुन्हा रान वाढले. २००९ मध्ये त्याच ओढ्याच्या वरच्या भागात पुन्हा तोड झाली, पण या वेळी काठाला सुमारे पंधरा मीटरची झाडपट्टी ठेवून. उन्हाळ्यातल्या कमाल तापमानात या वेळी लक्षणीय वाढ आढळली नाही. एकाच ओढ्यावर चाळीस वर्षांच्या अंतराने दोन तोडी आणि दोन निराळी उत्तरे, असा पुरावा इतिहासात सहसा मिळत नाही.

अंश आणि छेद

ओढा तापतो तो आजूबाजूच्या गरम हवेमुळे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ब्राउन यांनी १९६० च्या दशकात ओढ्यांवर उपकरणे लावून उष्णतेचा जमाखर्च मांडला, तेव्हा उघड्या ओढ्यात भर दुपारी शिरणारी जवळजवळ सगळी उष्णता थेट उन्हाची असते, असे दिसून आले. हवेचा वाटा त्या मानाने किरकोळ होता. झाडाची सावली ओढ्याला थंड करते असे आपण म्हणतो, तेही काटेकोरपणे खरे नाही. सावली पाण्यातली उष्णता काढून घेत नाही. ती नवी उष्णता आत शिरू देत नाही. त्यामुळे वरच्या अंगाला तापलेले पाणी खालच्या सावलीत शिरले म्हणून लगेच गार होईल, अशी आशा धरता येत नाही. वाटेत थंड पाझर मिळाला तरच ते चटकन उतरते.

ब्राउन यांनी मांडलेले गणित सातवीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. ओढ्याचा जेवढा पृष्ठभाग उन्हात आहे त्याला उन्हाच्या प्रखरतेने गुणायचे आणि वाहत्या पाण्याच्या प्रमाणाने भागायचे. त्यावरून पाणी किती तापेल याचा अंदाज येतो. म्हणजे हा एक व्यवहारी अपूर्णांक आहे. अंशस्थानी ऊन आणि उघडा पृष्ठभाग, छेदस्थानी पाणी. काठची झाडे तोडली, गुरांनी काठ तुडवून पात्र रुंद आणि उथळ केले, की अंश वाढतो. पाणी आटले की छेद घटतो. दोन्हींचा परिणाम एकच : ताप वाढतो. दोन्ही एकदम झाले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

पावसाळा सरल्यावर ओढ्यात जे पाणी वाहते ते कुठून येते? पाऊस तर नसतो. ते येते जमिनीत मुरलेल्या पाण्याच्या पाझरातून. म्हणजे ऐन उन्हाळ्यात छेदस्थानी उभे असते ते भूजल. शिवाय ते नुसते प्रमाण वाढवत नाही, आपल्याबरोबर जमिनीच्या पोटातला गारवाही घेऊन येते. आटत चाललेल्या ओढ्यातही जिथे तळातून झरा फुटतो तिथला डोह थंड असतो, आणि तापलेल्या दिवसांत सामनची पिल्ले अशाच डोहांत गोळा होतात. पाझर आटला की छेदही गेला आणि गारवाही गेला. ऑरेगनच्या प्रयोगाने या अपूर्णांकाचा वरचा भाग जगापुढे आणला. खालच्या भागाची कथा दक्षिणेला, कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला घडली.

स्कॉटचे खोरे

क्लॅमथ नदी ऑरेगनमध्ये उगम पावून कॅलिफोर्नियातून पॅसिफिकला मिळते. तिच्या खालच्या खोऱ्यात युरोक आणि कारुक हे मूळनिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या सामनवर जगत आले आहेत. सामन हे त्यांचे अन्न आहे, आणि त्यांचे सण व प्रार्थनाही त्याच्याशी जोडलेल्या आहेत. स्कॉट आणि शास्ता या क्लॅमथच्या दोन उपनद्या.

स्कॉटच्या खोऱ्याला गोरे लोक आरंभी 'बीव्हरचे खोरे' म्हणत. बीव्हर हा घुशीसारखा दिसणारा पण बराच मोठा पाणप्राणी. तो दातांनी झाडे पाडून ओढ्यावर बांध घालतो. अशा शेकडो बांधांमागे पाणी साठून जमिनीत मुरत असे आणि उन्हाळ्यात हळूहळू पाझरत असे. १८३० च्या दशकात हडसन बे कंपनीच्या शिकाऱ्यांनी कातड्यांसाठी त्यांची प्रचंड प्रमाणावर शिकार केली. युरोपातल्या टोप्यांसाठी अमेरिकेतल्या एका खोऱ्याचे जलसंधारण मोडून पडले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. १८५० मध्ये सोने सापडले आणि नदीचे पात्र उकरले गेले. पुढे १९३० आणि ४० च्या दशकांत यांत्रिक उत्खननाने वरच्या खोऱ्यात गोट्यांचे डोंगर उभे केले. त्याच सुमारास पुराच्या बंदोबस्तासाठी नदी सरळ केली, काठची झाडे काढली. अंश अशा रीतीने वाढतच गेला.

सोने संपल्यावर शेती स्थिरावली. लसूणघास आणि गुरांची कुरणे ही तिथली मुख्य शेती. शेतकरी पूर्वी नदीचे पाणी पाटाने आणून शेत भिजवीत. त्यातले बरेच पाणी मुरत असे आणि त्याच्या पाझराने विहिरी भरत; आपल्याकडचा कालव्याकाठचा अनुभव याहून वेगळा नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेचे पंप, खोल विहिरी आणि तुषार सिंचन आले. पाण्याची 'उधळपट्टी' थांबली, पण तिच्याबरोबर मुरणेही घटले आणि उपसा वाढला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार या खोऱ्यातला सिंचनासाठीचा उपसा १९५० च्या दशकात वर्षाला ४.८ कोटी घनमीटर होता, तो १०.३ कोटींवर गेला. उन्हाळ्याच्या मध्यापासून शरदापर्यंतचा नदीचा प्रवाह सुमारे एक कोटी घनमीटरने घटला. त्या घटीपैकी ३९ टक्के भाग हवामानाच्या बदलांनी समजावता येतो, उरलेला स्थानिक कारणांचा, असा त्या संशोधकांचा हिशेब आहे. दोष सगळा शेतकऱ्याचा नाही आणि सगळा आभाळाचाही नाही.

१९९७ मध्ये या भागातल्या कोहो सामनची नोंद संकटग्रस्त जातींत झाली. सप्टेंबर २००२ मध्ये क्लॅमथच्या खालच्या पात्रात, युरोक लोकांच्या मुलखात, किमान ३३ हजार मोठे सामन काही दिवसांत मरून पडले. प्रवाह कमी, पाणी उबदार, मासे दाटीवाटीने अडकलेले आणि त्यात कल्ल्यांचा रोग. नदीकाठ मेलेल्या माशांनी भरून गेला. या घटनेला मुख्यतः क्लॅमथवरचे पाणीवाटप कारण ठरले. पण उन्हाळ्यात उपनद्यांतून थंड पाणी येणे का महत्त्वाचे आहे, ते या आघाताने सर्वांना कळले. पुढे दीर्घ लढ्यानंतर क्लॅमथवरची चार धरणे २०२३ आणि २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली, आणि २०२४ च्या शरदात सामन पुन्हा वर ऑरेगनपर्यंत पोहोचले.

शास्ताचे झरे

शास्ता नदीची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे, कारण तिला थंड पाण्याची निसर्गदत्त श्रीमंती होती. ४,३०० मीटरहून उंच शास्ता पर्वतावरचे बर्फ वितळते, लाव्हाच्या सच्छिद्र खडकांत मुरते आणि पायथ्याशी मोठ्या झऱ्यांतून बाहेर पडते. बाराही महिने या झऱ्यांचे पाणी दहा ते बारा अंशांच्या आसपास असते. १९३१ साली या नदीत परतलेल्या चिनूक जातीच्या सामनची मोजदाद ८० हजारांहून अधिक भरली होती. १९२८ मध्येच वरच्या अंगाला धरण झाले होते. पुढे सिंचन वाढले, आणि शतकाच्या अखेरीस काही वर्षी ही संख्या हजाराच्या खाली गेली.

येथल्या बिग स्प्रिंग्ज ओढ्यात झऱ्याचे थंड पाणी तर भरपूर होते, पण थोड्याच अंतरात ते तापत असे. गुरे पात्रात उतरत, पाणवनस्पती खात, काठ तुडवत. ओढा रुंद, उथळ आणि उघडा झाला होता. २००९ मध्ये नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने तिथले शेत विकत घेऊन ओढ्याला कुंपण घातले. गुरे बाहेर राहिली. झाडे वाढायला वर्षे लागतात, पण पाण्यातल्या वनस्पती एक-दोन हंगामांतच दाट झाल्या. त्यांनी प्रवाह आवळला, पाणी खोल केले आणि पाण्यावर छत्रीसारखी सावली धरली. पाण्याचे तापमान उतरले. छेद शाबूत असेल तर अंश सुधारायला फार काळ लागत नाही, हा या प्रयोगाचा दिलासा.

मात्र छेदाचा तंटा मिटलेला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये दुष्काळामुळे शास्ता खोऱ्यात सिंचनावर बंदी असताना काही पशुपालकांनी, तळी आटून गुरे तहानेली आहेत असे सांगत, आठ दिवस नदीतून उघडपणे पाणी उपसले. नदीचा प्रवाह सुमारे दोन-तृतीयांश घटला. त्यांना दंड झाला तो एकूण चार हजार डॉलरचा. तहानलेली गुरे आणि परतीच्या वाटेवरचे मासे यांच्यात निवाडा करण्याची पाळी कोणत्याही समाजावर येऊ नये. पण पाणी आधीच वाटून संपवले की ती येतेच.

कायद्याला जे दिसत नव्हते

नदीचे पाणी सर्वांचे, हे तत्त्व जुने आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या संहितेत हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा या गोष्टी स्वभावतःच सर्वांच्या मानल्या आहेत. मग विहिरीचे पाणी एकट्याचे कसे झाले? १८४३ मध्ये इंग्लंडात एक खटला झाला. एका गिरणीवाल्याची विहीर शेजारच्या कोळसाखाणीमुळे आटली. न्यायालयाने सांगितले की आपल्या जमिनीखाली मुरलेले पाणी जमीनमालकाने काढले आणि त्यामुळे शेजाऱ्याची विहीर आटली, तरी दाद मागता येणार नाही. १८६१ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या न्यायालयाने तर अशी भूमिका घेतली की भूजलाच्या वाटा इतक्या गूढ आणि झाकलेल्या आहेत की त्यांच्याविषयी नियम करणे अशक्य आहे. हाच विचार आपल्याकडे १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात उतरला : निश्चित प्रवाहात न वाहणारे, जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क जमीनमालकाचा. आपल्या बापजाद्यांनी विहिरी खोदल्या त्या या कायद्याच्या छायेत.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे गूढ होते ते आज गूढ राहिलेले नाही. पाण्याची पातळी मोजता येते, पाझराची दिशा काढता येते आणि ओढ्यातले तापमान सांगते की भूजल कुठे आत येते आणि कुठे यायचे थांबले. स्कॉट खोऱ्यात १९८० च्या न्यायालयीन वाटपात नदीलगतच्या पट्ट्यातले, नदीशी जोडलेले भूजलही हिशेबात धरले गेले. पण त्या पट्ट्याबाहेरच्या विहिरी मोकळ्या राहिल्या. शेवटी मासेमारांच्या संघटनेने आणि एका पर्यावरणवादी संस्थेने दावा लावला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला : भूजल स्वतः नौकानयनाजोगे नसले, तरी त्याच्या उपशाने नौकानयनाजोग्या स्कॉट नदीची हानी होत असेल, तर तो उपसा लोकविश्वस्त तत्त्वाच्या कक्षेत येतो. विहिरींना परवाने देताना नदीचा विचार करणे हे काउंटीचे कर्तव्य आहे. न्यायालयाने कोणाची विहीर बुजवायला सांगितली नाही. विहीर आणि नदी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मानायला मात्र नकार दिला.

या निकालाचा पाया कॅलिफोर्नियातल्याच मोनो सरोवराच्या १९८३ च्या निवाड्यात होता, आणि इथे भारताचा धागा जुळतो. बियास नदीचा प्रवाह एका हॉटेलाच्या सोयीसाठी वळवल्याच्या प्रकरणात, 'एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ' या खटल्यात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये लोकविश्वस्त तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. तेव्हा त्याने याच मोनो सरोवराच्या निवाड्याचा आधार घेतला. नद्या, वने, किनारे यांचे शासन हे मालक नव्हे, लोकांच्या वतीने विश्वस्त आहे, असे ते तत्त्व.

आपल्या ओढ्यांपुरते

आपल्याकडे सामन नाही, हिमशिखरे नाहीत, आणि तिथल्या तापमानाच्या मर्यादा इथे लावण्यात अर्थ नाही. पण अपूर्णांक तोच आहे. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते. सह्याद्रीचा डोंगर एकच, त्यात मुरलेला पाऊस एकच. भूजलाचे कायदे मात्र तीन : गोव्याचा २००२ चा, महाराष्ट्राचा २००९ चा आणि कर्नाटकाचा २०११ चा. भारत आज जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आहे. काठची जांभूळ, करंज, उंबर तोडून ओढा 'साफ' करणे आणि त्याच ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर बोअर मारणे, ही दोन कामे आपण वेगवेगळ्या खात्यांच्या परवान्याने करतो आणि त्यांचा एकमेकांशी संबंध आहे असे आपल्या मनातही येत नाही. ओढा मात्र त्या दोन्हींचा भागाकार रोज दुपारी करत असतो.

यात आपल्या शाळांना करता येण्याजोगे काम आहे आणि त्याला अनुदान लागत नाही. प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर, एक वही आणि गावचा ओढा एवढे पुरे. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत आठवड्यातून एकदा, पहाटे आणि दुपारी तीन वाजता, झाडीखालच्या डोहात आणि उघड्या पात्रात तापमान घ्यावे. पाणी कुठवर वाहते तेही लिहावे. जवळच्या विहिरीची पातळी त्याच पानावर उतरवावी. एका वर्गाने वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. ऑरेगनच्या त्या मंडळींनी कुऱ्हाड पडण्यापूर्वी सात वर्षे नुसत्या नोंदी केल्या, म्हणूनच पुढे त्यांच्या शब्दाला वजन आले. आपल्या ओढ्यांच्या काठी पुढच्या दहा-वीस वर्षांत काय उभे राहील आणि काय तोडले जाईल, ते आज सांगता येणार नाही. तो प्रसंग येईल तेव्हा गावाच्या हाती निदान एक वही असावी.